सितैन की तिसैन: मोडीवरच्या एका सदराचं प्रकरण

एकाच बारीक विषयावर कुणी वर्षानुवर्षं लिहीत राहिलं की काय काय होतं, याचं हे एक प्रकरण. माणसांची, गावाची आणि साप्ताहिकाची नावं काढून टाकली आहेत. लिहिणारे होते सर. मी त्या साप्ताहिकाच्या कचेरीत पानं लावायचो, त्यामुळे जे सांगतोय ते बरंचसं पान लावणाऱ्याच्या खुर्चीतून दिसलेलं आहे.

पार्श्वभूमी

आमचं साप्ताहिक म्हणजे कृष्णाकाठच्या एका तालुक्याचं चार पानी पत्र. शुक्रवारी रात्री छपाई, शनिवारी बाजाराच्या दिवशी वाटप. पहिल्या पानावर कारखान्याची निवडणूक, चौथ्यावर वाढदिवसाच्या जाहिराती.

२००५ च्या जूनमध्ये हायस्कूलचे चित्रकलेचे सर कचेरीत आले. हातात ट्रेसिंग पेपरची गुंडाळी. त्यावर त्यांनी एका जुन्या मोडी कागदाच्या पाच ओळी काळ्या शाईनं उतरवल्या होत्या आणि खाली बाळबोधीत, म्हणजे नेहमीच्या देवनागरीत, वाचन दिलं होतं. संपादक, म्हणजे आमचे अण्णा, म्हणाले, “सर, हे वाचणार कोण?” सर म्हणाले, “ज्यांच्या माळ्यावर असले कागद पडलेत ते.” अण्णांना तिसऱ्या पानावर खाली दोन कॉलमची मोकळी जागा भरायची होतीच. सदर सुरू झालं. मानधन पन्नास रुपये, तेही सर चार-चार महिने न्यायचे नाहीत.

सर इतिहासातून मोडीकडे आले नव्हते, अक्षरातून आले होते. मोडी लिहिताना आधी कागदभर आडवी रेघ मारून घेतात आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं त्या रेघेला टांगत जातात. इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद बहुधा नाही, अनुस्वार असला तर असला, आणि दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही. चित्रकलेच्या माणसाला याचं वेड लागणं साहजिक होतं. पेशवाईतलं वळण, त्यानंतर इंग्रजी अमलातलं घाईचं वळण, एकाच कारकुनाचं सकाळचं आणि संध्याकाळचं अक्षर, यावर ते तासभर बोलायचे.

स्वातंत्र्यानंतर मोडी शाळेतून आणि कचेरीतून उठली. घरात कागद राहिले, वाचणारा गेला. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असले कागद कोटींनी मोजतात, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करत आलंय. पण तालुक्यातला माणूस आजोबांचा एक कागद घेऊन पुण्याला जात नाही. तो रद्दीत तरी घालतो, नाहीतर देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळदकुंकू वाहतो. हळदकुंकवानं अक्षर जातं हे सरांनी सदरात निदान दहा वेळा लिहिलं असेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांपासूनची रीत अशी की मोडी कागदाचं बाळबोध वाचन छापायचं. कागद स्वतः वाचकाला दिसत नाही. सरांना अक्षर दाखवायचं होतं. पण वाचक आणून द्यायचे ती झेरॉक्स, काळी आणि डागाळलेली. आमच्या वर्तमानपत्री कागदावर तिचा नुसता शाईचा गोळा व्हायचा. म्हणून सर झेरॉक्सवर ट्रेसिंग पेपर ठेवून ओळी स्वतः नव्यानं काढायचे. ते छापून इतकं सुबक यायचं की लोकांना तोच मूळ कागद वाटायचा. मलाही वाटायचा.

पहिल्या पाच-सहा वर्षांत

सुरुवातीला सरांनी सनदा, कौलनामे, महजर असे हुकुमांचे आणि निवाड्यांचे प्रकार घेतले. प्रतिसाद शून्य. अण्णा दर दिवाळीला म्हणायचे, “एखादा खजिन्याचा कागद काढा की.” सर हसून विषय बदलायचे.

मग एकदा कागद नाही म्हणून त्यांनी कुठल्याशा घरातली लग्नखर्चाची यादी छापली. गूळ इतके शेर, खोबरं इतकं, वाजंत्र्यांना इतके, कासाराला इतके, आणि शेवटी एका पाहुण्याच्या नावापुढे ‘रुसवा’ म्हणून सव्वा रुपया. त्या आठवड्यात कचेरीत सतरा पोस्टकार्डं आली. एका बाईंनी लिहिलं होतं, आमच्याकडे परवाच्या लग्नात रुसवा पाच हजारांना पडला.

यावरून अण्णांनी धडा काढला की सोपं आणि गमतीचं छापावं. सरांचा धडा वेगळा होता: माणसाला स्वतःच्या घराशी जोडता येईल असा एक तपशील मिळाला की तो बाकीचं अवघडही वाचतो. त्यांनी यादीसोबत शेर, मण, खंडी कशी लिहितात, आण्यांच्या खुणा कशा करतात हे दिलं, आणि लोकांनी ते कात्रण जपून ठेवलं. त्यानंतर प्रत्येक सदरात एक शिकवायची गोष्ट असायचीच. चंद्राची तारीख सांगायला महिन्याआधी ‘छ’ घालतात ती एकदा, फसली सनातून इसवी सन कसा काढायचा ते एकदा, शिक्क्यात काय वाचायचं ते एकदा. हे शिक्क्यांचं सदर २००७ चं. त्यात लिहिलं होतं की मजकूर मोडीत असला तरी पेशव्यांची मुद्रा बाळबोधीत असते आणि तीत पेशव्याच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं. थोरले माधवराव म्हणजे ‘माधवराव बल्लाळ’, सवाई माधवराव म्हणजे ‘माधवराव नारायण’. दोन इंचाचं सदर. ते नंतर त्यांच्याच अंगावर आलं.

अडचण

२०११ च्या पावसाळ्यात जवळच्या एका गावातून एक झेरॉक्स आली. देवस्थानाची सनद, पालखीच्या पहिल्या खांद्याचा मान कुणाला ते सांगणारी. घडीवर कागद फाटलेला आणि शिक्क्याच्या जागी झेरॉक्समध्ये नुसता काळा डाग. सरांनी साल वाचलं: सलास तिसैन मया व अलफ.

ज्यांना हे हिशेब माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं थांबतो. पेशवाईच्या कागदांत शुहूर सन अरबी शब्दांत लिहितात, आधी एकम, मग दशक, मग शतक, मग हजार. सलास म्हणजे तीन, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११९३. हा सन मृगाला बदलतो, म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. आलं १७९२-९३. मजकुरात ‘माधवराव पंडित प्रधान’, म्हणजे पेशवे माधवराव, असं होतं, आणि १७९२ मध्ये सवाई माधवराव गादीवर होतेच. सगळं जुळलं.

मूळ कागदात होतं सलास सितैन. सितैन म्हणजे साठ. सन ११६३, म्हणजे १७६२-६३, आणि तेव्हाही पेशवे माधवरावच, पण थोरले.

सि-तै-न आणि ति-सै-न. दोन अक्षरं इकडची तिकडे, आणि तीस वर्षं. तीही नेमकी अशी की दोन्ही टोकांना एकाच नावाचा पेशवा.

हे पुस्तकात छापलं असतं तर एखाद्या अभ्यासकानं समासात बारीक खूण केली असती. पण ज्या घराण्याला मान होता त्यात आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत. १७६२ चा मानकरी आजोबा, १७९२ चा नातू. दोघांचं नाव एक आणि दोघांच्या बापांचंही नाव एक. सनद आजोबाला मिळाली असेल तर मान त्याच्या सगळ्या वंशाचा, म्हणजे आजच्या दोन्ही पात्यांचा, घराण्याच्या दोन्ही शाखांचा. नातवाला मिळाली असेल तर एकट्या धाकट्या पातीचा. सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. झेरॉक्स धाकट्या पातीनं पाठवलेली होती.

सदर छापून आल्यावर धाकट्या पातीनं ते कापून लॅमिनेट केलं आणि चैत्रातल्या जत्रेच्या बैठकीत देवळात आणलं. पेपरात आलंय, खुद्द मोडी अक्षर छापलंय, खाली सरांनी सही करावी तसं नाव आहे. थोरली पाती त्या वर्षी मागे राहिली. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्या काहींनी जत्रेला यायचंच सोडलं.

आम्हाला याचा पत्ता लागला तो २०१३ च्या फेब्रुवारीत. थोरल्या पातीतले एक एसटीचे चालक, निवृत्तीला आलेले, लाल फडक्यात बांधलेला कागद घेऊन कचेरीत आले. मूळ सनद. त्यांच्या आत्याच्या सासरी ट्रंकेत होती. त्यांना मोडी येत नव्हती. त्यांनी खिशातून पिवळं पडलेलं २००७ चं कात्रण काढलं, टेबलावर सनदेशेजारी ठेवलं आणि शिक्क्यावर बोट टेकवलं.

“सर, तुम्हीच लिहिलंय, शिक्का बाळबोधीत असतो. हे बल्लाळच आहे ना?”

सरांनी भिंग काढलं. पुष्कळ वेळ शिक्का पाहिला, मग सालाची ओळ. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तो २०११ चा ट्रेसिंग काढ रे.” ट्रेसिंग आला. त्यावर अगदी स्पष्ट, वळणदार ‘तिसैन’ होतं. झेरॉक्सवर मात्र त्या जागी घडीची रेघ आणि दोन तुटक खुणा. म्हणजे सरांनी जे वाचलं तेच काढलं होतं. मूळ अक्षर पुसट होतं, त्यांचं अक्षर ठाम होतं, आणि छापलं गेलं ते ठाम अक्षर.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. वाचनात चूक कुणाचीही होते. पण नुसतं वाचन छापलं असतं तर जाणकाराला शंका घेता आली असती. आम्ही चुकीच्या वाचनाला त्याचाच पुरावा काढून जोडला होता.

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी कचेरीत सर, अण्णा आणि मी बसलो. चालक निघून गेले होते, कागद विश्वासानं ठेवून.

गप्प बसणं हा एक मार्ग होता, आणि तो कुणी तोंडानं बोललं नाही तरी खोलीत होता. दीड वर्षापूर्वीचं सदर. साप्ताहिकाची रद्दी होते.

दुसरा अण्णांचा: चौथ्या पानाच्या तळाला ‘शुद्धिपत्र’ म्हणून दोन ओळी. सगळी पत्रं असंच करतात, आणि नियमाला धरूनही आहे. सर म्हणाले, “चूक तिसऱ्या पानावर चित्रासकट केली, दुरुस्ती चौथ्यावर मुंगीएवढी. लॅमिनेशन करणारा ती कापून नेणार आहे का?”

तिसरा, त्याच जागी, त्याच आकारात पूर्ण सदर: काय वाचलं, का चुकलं, आता काय दिसतंय, आणि शेजारी मूळ कागदाचा फोटो.

चौथा सरांच्या मनातला. सदर बंद करायचं. हे ते दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा अण्णांनी चहा सांगितला.

तिसरा पर्याय ठरला. पण केव्हा, यावर अडलं. जत्रा एप्रिलमध्ये. अण्णांचं म्हणणं, आत्ता छापलं तर दोन्ही पात्या देवळात एकमेकांच्या अंगावर जातील, आणि पोलीस पाटील आधी आपल्या दारात येईल. जत्रा होऊ द्या, मग छापू. सरांना पुढच्याच अंकात हवं होतं. मी अण्णांच्या बाजूनं बोललो. भीती होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती.

काय केलं

जत्रेनंतरच्या शनिवारी सदर आलं. म्हणजे आम्ही आठ आठवडे थांबलो, आणि मधल्या जत्रेत थोरली पाती पुन्हा मागे राहिली. ते चालक नंतर मला बाजारात भेटले तेव्हा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “तुम्हाला माहीत होतं ना पण?”

सदर सरांनी चार वेळा लिहिलं. पहिल्या खर्ड्यात झेरॉक्सच्या दर्जावर एक परिच्छेद होता, तो त्यांनी स्वतःच काढला. छापलेल्यात पहिलंच वाक्य होतं: ‘या सदरात अमुक तारखेला मी एक साल चुकीचं वाचलं.’ मान कुणाचा यावर अवाक्षर नाही. धाकट्या पातीच्या घरी ते छापण्याआधी स्वतः गेले, कागद दाखवला, शिक्का वाचून घेतला. तिथल्या म्हाताऱ्यांनी वाचलं आणि म्हणाले, “ते सगळं खरं सर, पण आता दोन वर्षं आम्ही पुढं चाललोय.” चौकात आमच्या अंकाची चार-पाच प्रतींची होळी झाली. त्या गावचे वर्गणीदार गेले. काही अजून आलेले नाहीत.

सदर लिहिण्याची पद्धत तेव्हापासून बदलली. ट्रेसिंग छापायचंच, पण शेजारी मूळ कागदाचा फोटो, कितीही काळा आला तरी. तोवर माझ्याकडे बरा कॅमेरा आला होता आणि खिडकीच्या तिरक्या उजेडात पुसट शाई कशी उठते हे आम्ही हळूहळू शिकलो. जे अक्षर नक्की नाही ते वाचनात चौकटी कंसात. साल वाचलं की मजकुराबाहेरचा दुसरा एक दुवा लावल्याशिवाय छापायचं नाही: शिक्का, किंवा तारखेसोबत इंदुवार (सोमवार), मंदवार (शनिवार) असा वार दिलेला असेल तर जुन्या तिथी-तारखांच्या जंत्रीशी मेळ. आणि सदराच्या खाली ‘चूकभूल’ नावाची चौकट, कायमची. कागदाच्या शेवटी कारकून चूकभूल द्यावी घ्यावी लिहितात, तिथून नाव घेतलं. चौकट रिकामी असेल तर रिकामी छापायची.

अण्णांना रिकामी चौकट म्हणजे जागेची नासाडी वाटायची. पण दोन-तीन महिन्यांत ती भरायला लागली. लोक लिहून कळवायचे. सर, तुम्ही ‘वाडी’ वाचलंत ती ‘वाडा’ आहे, आमच्या शिवारात वाडी नाहीच. गावाच्या नावात, शेताच्या नावात, देवाच्या नावात स्थानिक माणूस सरांपेक्षा भारी पडायचा. मग सरांनी सुट्टीत बसून मागची सगळी ट्रेसिंगं पुन्हा झेरॉक्सशी ताडून पाहिली. अकरा ठिकाणी वाचन बदललं. त्यातली नऊ गावांची नावं होती.

पुढे काय झालं

२०१४ मध्ये मोडी युनिकोडमध्ये आली. उत्साहानं आम्ही एक सदर मोडी फाँटात लावून पाहिलं. सरांनी प्रूफ पाहिलं आणि म्हणाले, “हे कुणी लिहिलेलंच नाही.” पुन्हा ट्रेसिंगवर आलो.

२०१९ ला त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, त्याच्या पुढच्या वर्षी टाळेबंदीत अंकच काही महिने निघाला नाही. सुरू झाला तेव्हा सदर पंधरा दिवसांनी एकदा झालं. तोवर सहाशेच्या वर सदरं झाली होती, आणि मी गृहीत धरलं होतं की आता हे हळूहळू विझणार.

२०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारनं न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, काही आठवड्यांत तिची व्याप्ती मराठवाड्यावरून सगळ्या राज्यावर गेली. तहसिलीतली जुनी दप्तरं उघडली. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, ज्यात जन्ममृत्यूच्या नोंदी असायच्या, ती बघायला माणसं रांग लावू लागली. त्यातली कित्येक पानं मोडीत, आणि मोडी वाचणारा माणूस एकदम जिल्हाधिकारी कचेरीला हवा झाला. अठरा वर्षं ज्या माणसाकडे आठवड्याला एखादं पोस्टकार्ड यायचं त्याच्या अंगणात सकाळी सातला वीस जण उभे. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये पानाचा फोटो, फोटोत बोटाची सावली.

इथे दुसरा निर्णय घ्यायचा होता, आणि तो सरांनी एकट्यानं घेतला. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, सांगतात, पहिल्या दिवशी त्यांनी चार फोटो वाचले. पाचव्या फोटोत नावापुढे जातीच्या जागी एक तुटकं अक्षर होतं. समोरचा मुलगा म्हणाला, “कु आहे ना सर? बघा, कुच आहे.” सरांनी मोबाइल परत दिला. दुसऱ्या दिवशी दाराला पाटी: फोटोवरून वाचन मिळणार नाही. मूळ कागद किंवा कचेरीची प्रमाणित नक्कल आणावी. कागदात काय लिहिलंय तेवढं सांगितलं जाईल, त्यावरून काय ठरतं ते सांगितलं जाणार नाही.

लोक चिडले. पैसे घेऊन वाचणारे पुढच्याच गल्लीत तयार झाले होते. सरांना म्हातारपणी माज आला असंही बोललं गेलं. काही जवळच्यांचं म्हणणं, आणि मला ते पटत आलंय, की ज्या लोकांसाठी त्यांनी सदर लिहिलं, माळ्यावर कागद असलेले ते, तेच शेवटी आले होते. त्यांना दारातून परत पाठवणं बरोबर नव्हतं. सरांचं उत्तर ठरलेलं: २०११ ला झेरॉक्सवरून वाचलं होतं.

त्यांनी मधला मार्ग काढला. रविवारी हायस्कूलच्या चित्रकला वर्गात दोन तास मोडी शिकवायची, फुकट. पहिल्या रविवारी साठजण आले, चौथ्याला चौदा. त्या चौदांतल्या तिघी पुढे सरकारी नोंदी वाचायच्या कामावर लागल्या.

या सगळ्यात आणखी एक उणीव उघडी पडली, आणि ती माझी. लोक विचारायचे, “आमच्या गावाचं काही छापलं होतं का?” मला सांगता येत नव्हतं. जुनी पानं पेजमेकरमध्ये, युनिकोडपूर्व फाँटात. शोध घेतला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा. निम्म्या सीडी उघडत नव्हत्या. सरांकडे वही होती, पण ती कागदाच्या प्रकारावर लावलेली: सनदा, महजर, ताळेबंद. अभ्यासकाची वही. येणारा माणूस आपलं गाव आणि आपलं आडनाव घेऊन येतो. अठरा वर्षांत आम्हा दोघांपैकी एकालाही हे सुचलं नाही, आणि पोस्टकार्डांवर तर प्रत्येकानं पहिल्या ओळीत गावच लिहिलेलं होतं.

मी आता सूची करतोय. गावावर लावतोय, आडनावावर नाही. आडनावांची सूची झाली की तिचा वापर कशासाठी होईल ते २०२३ नंतर सांगायला नको.

आज करायचं तर

सगळ्यात आधी ती आठ आठवड्यांची वाट पाहणार नाही. दुरुस्ती लगेच छापली असती तर भांडण झालंही असतं. पण ते त्यांचं भांडण असतं, खऱ्या सालावर झालेलं. आम्ही थांबलो तेव्हा एका बाजूची चूक आम्ही दुसऱ्यांदा केली, आणि या वेळी जाणून. अण्णा आजही हे मानत नाहीत. ते म्हणतात, डोकी फुटली असती तर तू हे लिहीत बसला नसतास. त्यांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून नोंदवतोय.

दुसरं, कागद पाठवणाऱ्याला एक प्रश्न विचारायला हवा होता: हा कागद तुम्हाला आत्ता का वाचून हवाय? सरांना असा प्रश्न उद्धट वाटायचा. धाकट्या पातीला तो विचारला असता तर त्यांनी खरं सांगितलं असतं असं नाही, पण सरांनी ओळ दुसऱ्यांदा भिंगाखाली धरली असती.

फोटो आणि ट्रेसिंग शेजारी छापणं पहिल्या अंकापासून जमलं नसतं, तेवढी छपाई आमची नव्हती. पण ट्रेसिंगखाली ‘झेरॉक्सवरून काढलेली नक्कल’ एवढे तीन शब्द टाकायला काहीच लागत नव्हतं.

सूचीचं काम म्हणाल तर दर आठवड्याला पाच मिनिटांचं होतं. आता मी रात्री जेवण झाल्यावर बसतो, तर एका बैठकीत दहा-बारा सदरं होतात. बरीच अडतात, कारण गावाचं नाव तेव्हाही नक्की वाचता आलं नव्हतं. तशी मी बाजूला काढून रविवारी सरांकडे नेतो. ते ट्रेसिंग खिडकीला धरतात, आणि आता वाचायला त्या तिघींपैकी जी आली असेल तिला आधी सांगतात. स्वतःचं वाचन ती बोलून झाल्यावर.

पालखीचं म्हणाल तर गेल्या चैत्रात थोरली पाती देवळापासून वेशीपर्यंत आणि धाकटी वेशीपासून नदीपर्यंत पुढे होती. हे त्यांनी आपसात ठरवलं, कागद न काढता. लॅमिनेट केलेलं कात्रण देवस्थानाच्या कपाटात अजून आहे. मी पाहिलं तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला कुणीतरी आमचं दुरुस्तीचं सदर सेलोटेपनं चिकटवलेलं होतं, आणि त्यातली सालाची ओळ दमट हवेनं सुटून लोंबत होती.